एकोणचाळीस

आमच्या बाई मुलांना अहो-जाहो करायच्या. पहिलीतल्या नाक वाहणाऱ्या पोरालासुद्धा. "अहो, आधी नाक पुसा, मग वाचा. दोन्ही एकदम होत नसतं." ते पोरगं मागे वळून बघायचं, कुणी मोठं माणूस उभं आहे की काय म्हणून. आम्हा शिक्षकांना ही थट्टा वाटायची. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "ज्याची परीक्षा घ्यायची त्याला अरे-तुरे करू नये." आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

बाई मूळच्या नारायण पेठेतल्या. तिथल्याच एका मराठी शाळेत त्यांची उभी नोकरी झाली. पण पेठेतली मुलं एकेक करून इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढली, वर्गात बोटांवर मोजण्याइतकी उरली, मग तुकडी बंद झाली आणि बाई 'अतिरिक्त' झाल्या. अतिरिक्त म्हणजे पगार आहे, पण वर्ग नाही असा शिक्षक. कागदावर तो शब्द वाचून त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "बरोबर आहे. भाजीत मीठ होतं तसं मी जास्त झाले."

त्यांना पाठवलं धायरीला, आमच्या शाळेत. आमच्याकडे उलटी परिस्थिती. गावातल्या शेतांवर इमारती उठत होत्या. त्यात राहायला येणारी आयटीवाली मंडळी आपली मुलं आमच्याकडे कधीच घालणार नव्हती, पण इमारती बांधायला वाशीम-बुलढाण्याकडून आलेल्या माणसांची मुलं आमच्याकडेच यायची. दर महिन्याला चार नवीन नावं, दोन गळालेली. पहिल्या दिवशी बाई मोपेडवरून आल्या. मुख्याध्यापक सर अगत्यानं म्हणाले, "या, या. फार लांब पडलं असेल नाही?" बाई म्हणाल्या, "मला नाही पडलं. गाडीला पडलं." सरांनी शिपायाला चहा सांगितला, तर बाई चहा पीत नव्हत्या.

आता माझं सांगते. मी तेव्हा शिक्षणसेवक होते. पहिली तीन वर्षं मानधनावर राबायचं, वर्गाचा निकाल बरा लागला आणि मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला की नोकरी कायम. माझं तिसरं वर्ष चालू होतं, चौथीचा वर्ग होता. मी धायरीचीच. आमचं रान बिल्डरला गेलं होतं, भावानं जीप घेतली होती, आणि घरात सगळ्यांचं एकच पालुपद: "कशाला पोरांच्या मागं वरडत बसती? काय कमी हाय आपल्याला?" नोकरी गेली असती तर दोन महिन्यांत माझं लग्न उरकलं असतं, तेही भावाच्या पसंतीनं. त्यामुळे ती नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती. पुढे मी जे वागले त्याची ही सबब नव्हे. माहीत असावं म्हणून सांगितलं.

मला भीती होती की ही पेठेतली बाई माझं 'हाय' आणि 'नाय' काढणार. त्यांनी कधीच काढलं नाही. एकदा स्टाफरूममध्ये एक सर एका मुलाच्या 'मले' आणि 'तुले'ची नक्कल करून हसत होते. बाई डबा खाता खाता म्हणाल्या, "त्याला वाचता येतं. तुम्हाला हसता येतं. ज्याला जे येतं ते त्यानं करावं." त्यानंतर ते सर महिनाभर बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसले नाहीत.

बाईंना काम दिलं होतं अप्रगत मुलांचं. म्हणजे ज्या मुलांना इयत्तेप्रमाणे वाचता येत नाही, साधं गणित जमत नाही, त्यांची यादी करायची आणि शाळा सुटल्यावर त्यांना रोज अर्धा तास घ्यायचं. यादी आम्ही वर्गशिक्षकांनी द्यायची होती. माझी यादी कोरी होती. माझ्या वर्गात चाळीस मुलं आणि चाळीसही वाचतात, असं मी छातीठोकपणे सांगितलं. सांगणार नाही तर काय! माझा वर्ग पुस्तक वाचायला लागला की बाहेर रस्त्यावर माणसं थांबायची, इतका एकसुरात.

बाई येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. पाठ संपेपर्यंत ऐकलं.

"छान गातात," त्या म्हणाल्या.

"वाचतायत बाई," मी म्हटलं.

"असं? मग पुस्तकं मिटायला सांगा."

मी सांगितलं. चाळीस पुस्तकं पटापट मिटली आणि पुढचा परिच्छेद जसाच्या तसा चालू राहिला, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वर्गात येऊन एकेका बाकाशी बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, "अहो, हा परिच्छेद आता शेपटाकडून वाचा बरं." म्हणजे शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे यायचं. ज्याला खरंच अक्षर लागतं तो अडखळत का होईना, मागे येतो. ज्याचं पाठ आहे त्याची गाडी जागेवर थांबते. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या नऊ मुलांची गाडी थांबली.

मी त्या रात्री घरी जेवले नाही. तीन वर्षं मी काय शिकवत होते, गाणं? दुसऱ्या दिवशी बाईंना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "गाणंही वाईट नाही. फक्त त्याला वाचन म्हणू नका."

बाईंकडे एक कापडी पिशवी असायची. तिच्यात पुस्तक एकही नाही. सगळा रद्दीचा माल: लग्नपत्रिका, बसची तिकिटं, बिस्किटांचे कागद, औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या, दुकानांच्या जाहिराती. मुलांनी वाचायचं ते हे. "पुस्तक पाठ होतं. तेलाच्या पिशवीवरचं कोण पाठ करणार?" लग्नपत्रिका सगळ्यात अवघड. आपले कृपाभिलाषी, ज्येष्ठ सुपुत्र, शुभमुहूर्त, एकाहून एक जोडाक्षरं. ज्याला लग्नपत्रिका वाचता आली तो बाईंच्या लेखी पदवीधर झाला. पुढे पुढे नव्या सोसायट्यांची रंगीत पत्रकं यायला लागली आणि मुलं ती वाचायची, कारण चित्रं भारी असायची. एक मुलगा "प्रशस्त बाल्कनी, खेळती हवा" असं एकेक अक्षर लावून वाचत होता. मग मान वर करून म्हणाला, "बाई, या बिल्डिंगीचं प्लास्टर माह्या बाबानं केलं." बाई म्हणाल्या, "अहो, मग तुमचं घराणं मोठं. पुढची ओळ वाचा."

गणिताचं त्यांचं वेड निराळंच होतं. ते वेड होतं 'एकोण' या शब्दाचं. त्यांचं म्हणणं, मराठी मूल बेरजेत मागे पडत नाही, वजाबाकीत पडत नाही, ते 'एकोण'पाशी अडकतं. एकोणतीस म्हटलं की कानावर काय पडतं? तीस. मग पोर लिहितं एकोणचाळीसचा आकडा, तीनावर नऊ. एकदा घोळ झाला की सगळी गणितं चुकतात आणि आपण म्हणतो पोराला गणित येत नाही. गणित येतं हो, आकडा ऐकू चुकीचा येतो. म्हणून बाई रोज सकाळी शाळेच्या दारात उभ्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एक 'एकोण' विचारायचा. एकोणसाठ? एकोणसत्तर? हवेत बोटानं लिहून दाखवायचं आणि मगच पायरी चढायची. दूध घालायला आलेल्या गवळ्यालाही सुटका नव्हती. एकदा मुख्याध्यापक सर घाईत आत शिरत होते, बाई सवयीनं म्हणाल्या, "एकोणनव्वद?" आणि सरांनी हवेत नव्याण्णव लिहिले. मुलं इतकी शहाणी की कुणी हसलं नाही. सर लगेच म्हणाले, "घाईत आहे मी." बाई म्हणाल्या, "हो, मुलंही घाईतच असतात." अर्थातच पोरांनी त्यांचं नाव 'एकोणबाई' पाडलं. बाईंना माहीत होतं. त्यांचं एवढंच म्हणणं, "हाक मारा, पण लिहूनही दाखवा."

आणि त्यांची ती वही. आम्हाला वरून छापील तक्ते आले होते, अ, ब, क, ड अशा श्रेणी भरायचे. बाई ते भरायच्या, पण खरी नोंद वहीत. लांब, सुताच्या शिलाईची वही, एका मुलाला एक पान. मी ती चोरून वाचली होती, कबूल करते. एका पानावर होतं: 'भ आणि म एकच दिसतात. अक्षराचा दोष नसावा, डोळ्याचा असेल. आईला बोलावले.' आणि खाली दोन महिन्यांनी: 'चष्मा आला. भ आणि म वेगळे झाले.' दुसरीकडे: 'वजाबाकीत लहानातून मोठा जात नाही म्हणून मोठ्यातून लहान काढतो. हा शहाणपणा आहे, गणित नाही.' एका पानावर फक्त एक ओळ होती: 'येते सगळे. माझी भीती वाटते. मी बाहेर जाऊन बसावे.' मी बघितलं आहे, बाई खरंच वर्गाबाहेर पायरीवर बसायच्या आणि आत ती मुलगी दुसऱ्या मुलीला मोठ्यानं वाचून दाखवायची.

माझ्या नऊ मुलांपैकी आठ दिवाळीपर्यंत मार्गाला लागली. राहिली एक, रेणुका.

रेणुका वाशीमकडची. बाप एका साइटवर वॉचमन, आई तिथेच घमेली वाहायची. दोन वर्षांत तीन शाळा झालेल्या. या पोरीला देवानं काय कान दिला होता, बापरे! एकदा ऐकलं की कायमचं. चौथीचं अख्खं मराठीचं पुस्तक, परिसर अभ्यास, सूचनांसकट पाठ. गणिताचे शाब्दिक प्रश्नसुद्धा उत्तरासकट पाठ. पुस्तकात नजर कुठे फिरवायची, पान कधी उलटायचं, हेही तिनं शेजारणीचं बघून बसवलं होतं. सगळ्यांत गोड 'वाचायची' तीच. आणि अक्षर एक ओळखता येत नव्हतं, स्वतःच्या नावातला 'र' सोडला तर. बाईंनी वहीत लिहिलं होतं: 'स्मरणशक्तीने घात केला. विसरभोळी असती तर दुसरीतच सापडली असती.'

पण शाळा सुटल्यावर थांबणं तिला सोपं नव्हतं. घरी धाकटा भाऊ रांगता, त्याला सांभाळायला हीच. बाप म्हणाला, "शाळेचा शिक्क्याचा कागद असन तं ठेवा, नाही तं पोरगी घरी पाठवा." मग दर सोमवारी आम्ही शिक्क्याची चिठ्ठी द्यायचो की रेणुकाचं नाव अप्रगत यादीत आहे, तिला रोज अर्धा तास थांबवणं शाळेला बंधनकारक आहे. त्या कागदावर ती थांबायची. पायातल्या स्लिपरा काढून, मांडी घालून, कडेवर कुणी नसताना बसायची. डिसेंबरपर्यंत तिला बारा-पंधरा अक्षरं लागायला लागली होती. साइट मेमध्ये संपणार होती, मग ते लोक पुढे कुठे जाणार देव जाणे. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीत तिला कुणी अक्षर शिकवणार नव्हतं, कारण तिचं 'वाचन' इतकं सुंदर होतं की कुणाला शंकाच आली नसती. बाई मला म्हणाल्या, "एप्रिलपर्यंत जमलं तर जमलं. नाही तर ही आयुष्यभर ऐकून जगेल."

तेव्हा नुकतीच सगळी माहिती कॉम्प्युटरवर घ्यायची टूम निघाली होती. शिक्षण खात्याच्या कचेरीनं ते काम कुठल्याशा कंपनीला दिलं होतं आणि तिथला एक तरुण शाळांना फोन करून आकडे विचारायचा. फोन आला तेव्हा मी सरांच्या खोलीत मस्टरवर सही करत होते. सर फोनवर ओरडून सांगत होते, लाइनमध्ये खरखर होती. "चौथी. पट चाळीस. वाचन येणारे एकोणचाळीस." पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला: "फॉर्टी-नाइन ना सर?" सर म्हणाले, "हो, हो, एकोणचाळीस." पलीकडचा म्हणाला, "सर, टोटल फॉर्टी आहे, सिस्टीम फॉर्टी-नाइन घेत नाहीये. मी फॉर्टी टाकतो, चालेल?" सरांनी पुन्हा "हो, हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

मला सगळं कळलं होतं. फॉर्टी-नाइन म्हणजे एकोणपन्नास, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सही केली आणि वर्गावर गेले.

महिन्याभरात पत्र आलं. इयत्ता चौथी, शंभर टक्के वाचनक्षम, अभिनंदन. सरांनी ते काचेच्या फळ्यात लावलं. वर्गाच्या दारावर लावायला पाटी येणार होती, तिच्यावर वर्गशिक्षिका म्हणून माझं नाव. घरी सांगितलं तर भावानं पेढे आणले. आणि पत्राच्या खाली एक बारीक ओळ होती: सदर वर्गातील अप्रगत यादी बंद करण्यात येत आहे. यादी बंद, म्हणून चिठ्ठी बंद. चिठ्ठी बंद, म्हणून रेणुका साडेपाचच्या घंटेला दप्तर उचलून घरी.

मी बाईंना म्हटलं, "तुम्हीच द्या की एखादी चिठ्ठी लिहून. बापाला थोडंच वाचता येतंय!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "त्याला वाचता येत नाही म्हणून त्याला खोटा कागद द्यायचा? मग आपण त्याच्या मुलीला वाचायला कशासाठी शिकवतोय?"

मला राग आला. एवढं सोवळं कशाला पाळायचं? पण बाईंचं ते तसंच होतं, नाकासमोरची रेघ सोडायची नाही.

बाई कचेरीत गेल्या. एकदा नाही, तीनदा, अर्धी रजा टाकून. तिथल्या माणसाशी झालेलं बोलणं त्यांनी मला शब्दशः सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाळीस चुकलंय, एकोणचाळीस करा." तो म्हणाला, "बाई, लोक वाढवायला येतात, तुम्ही कमी करायला आलात?" बाई म्हणाल्या, "खरं करायला आले." त्यानं कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. "हे बघा, इथे प्रगती खाली जातच नाही. तशी सोयच नाही. पडताळणी झाली आणि साहेबांनी सही केली तरच." मग बाईंनी तिथेच बसून अर्ज लिहिला: आमच्या शाळेचा गौरव चुकीचा आहे, कृपया येऊन तपासावा. असा अर्ज त्या कचेरीत पहिल्यांदाच आला असणार.

सरांचा पारा चढला. "अहो बाई, आलेला मान कुणी परत पाठवतं का? तुमची दोन वर्षं राहिलीत, तुम्हाला काय! हिचं काय होईल?" आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचा अहवाल मला लिहायचाय." बाई म्हणाल्या, "हिची नोकरी एका मुलीच्या अक्षरावर उभी असेल तर ती बसू दे. पण तसं होणार नाही. एकोणचाळीस हा चांगला आकडा आहे, सर. लोकांना लिहिता येत नाही, एवढंच."

जानेवारीत कचेरीतले साहेब तपासायला आले. भले गृहस्थ होते, घाम पुसत बसले. रेणुकाला पुढे बोलावलं. पुस्तक दिलं, मधलंच पान उघडून. तिनं एक नजर चित्रावर टाकली आणि सुरू केलं. काय वाचली पोरगी! साहेबांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, "उत्तम. हिला अप्रगत कोण म्हणतं?"

"मी," बाई म्हणाल्या. "शेपटाकडून वाचायला सांगा."

"बाई, तसं निकषात नाही."

"मग हे वाचायला द्या." बाईंनी पिशवीतून बिस्किटाचा कागद काढला.

"पाठ्यपुस्तकाबाहेरचं नको," साहेब म्हणाले. त्यांना उशीर होत होता, अजून दोन शाळा होत्या. मग ते माझ्याकडे वळले. "वर्गशिक्षिका तुम्ही ना? शेवटी तुम्हालाच माहीत. वाचते की नाही?"

सर माझ्याकडे बघत होते. बाई बघत नव्हत्या, त्या बिस्किटाच्या कागदाची घडी घालत होत्या.

"वाचते, सर," मी म्हटलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात रेणुका बोलली. पुस्तक छातीशी धरून, साहेबांकडे न बघता, बाईंच्या पिशवीकडे बघत.

"मले वाचता येत नाही. हे पाठ हाये."

"काय म्हणालीस?" साहेब.

"पाठ हाये सर माह्यं. उलटं म्हटलं का येत नाही." मग घाईघाईनं, जणू हीच मुद्द्याची गोष्ट, "आता मले थांबाचा कागद भेटन ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नऊ वर्षांची पोर, चाळीस मुलांसमोर, आपल्याला येत नाही हे सांगत होती, कारण तिला शिकायचं होतं. आणि मी बावीस वर्षांची, डी.एड. झालेली, खोटं बोलून बसले होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी निमूटपणे आकडा खोडून ३९ केला. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "अक्षरीही लिहा. नाही तर फोनवर पुन्हा वाढतील." साहेबांनी अक्षरी लिहिलं.

पाटी आली नाही. पत्र काचेतून निघालं. सरांनी माझ्या अहवालात 'उत्तम' लिहिणार होते तिथे 'समाधानकारक' लिहिलं, आणि समाधानकारकवरही माणूस कायम होतो हे मला जूनमध्ये कळलं.

बाई मला दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच रडत गेले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "तुम्ही घाबरून बोललात, ते ठीक. मला फक्त एक सांगा. ती वाचते असं तुम्हाला खरंच वाटत होतं?"

"नव्हतं वाटत."

"मग हरकत नाही. येत नाही हे दिसतंय म्हणजे शिकवता येईल." त्यांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "उद्यापासून अर्धा तास तुम्ही घ्या. मी मागे बसते."

आणि खरंच मागे बसल्या, तीन महिने. एक शब्द बोलल्या नाहीत. मी रेणुकाला पानावरचं ऐकवू लागले की फक्त खाकरायच्या, म्हणजे मी गप्प बसायचं, तिला बघू द्यायचं. फार अवघड जातं हो शिक्षकाला गप्प बसणं. रेणुका अक्षरावर बोट ठेवून इतका वेळ थांबायची की मला ओरडून सांगावंसं वाटे. मार्चमध्ये काना-मात्रा बसल्या. जोडाक्षरांना शेवटपर्यंत अडली. परीक्षेत तिला मराठीत जेमतेम गुण मिळाले, कारण पेपर या वेळी तिनं ऐकून नाही, बघून सोडवला.

एप्रिलच्या शेवटी तिची आई निकाल आणि दाखला घ्यायला आली. कडेवर ते रांगतं, अंगावर सिमेंटचे डाग. साइट आठ दिवस आधीच संपली होती, टेम्पो भरून तयार होता, वाघोलीकडे निघाले होते. प्रगतिपुस्तकात शेवटी 'विशेष नोंद' म्हणून दोन ओळींची जागा असते. मी आदल्या दिवशी बाईंना विचारलं होतं, तिथे काय लिहू? त्या म्हणाल्या होत्या, "जे दिसतं ते." मी अर्धा तास पेन चावून शेवटी लिहिलं होतं.

आईनं प्रगतिपुस्तक उलटंसुलटं बघितलं. "पास झाली का हो?"

"झाली," मी म्हटलं.

"हे काय लिवलं खाली?"

मी सांगायला तोंड उघडलं. मागून खाकरल्याचा आवाज आला. बाई दारात उभ्या होत्या, मोपेडची किल्ली हातात. मी तोंड मिटलं आणि प्रगतिपुस्तक रेणुकापुढे धरलं.

तिनं बोट ठेवलं. टेम्पोवाल्यानं बाहेरून हॉर्न दिला. तिनं मान वर केली नाही.

"वा... चा... य... ला. वाचायला. शि... क... ते. शिकते आ... हे." मग दुसरी ओळ. बोट बराच वेळ एका जागी थांबलं. "थां... ब... वू. थांबवू न... ये."

एकदा मनाशी पुटपुटली, मग सगळं एकदम म्हणाली. "वाचायला शिकते आहे. थांबवू नये."

आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे लिवलं हाये इथं? बराबर वाचलं का इनं?"

मी बाईंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "वर्ग तुमचा आहे."

"हो," मी तिच्या आईला सांगितलं. "वाचते."